खोबऱ्याचा तुकडा

आमच्या घरात मत कुणाला द्यायचं हे कसं ठरतं, ते मी लहानपणापासून बघत आले आहे आणि लहानपणापासूनच ते माझ्या डोक्यात जातं. निवडणूक आली की समाजभवनात बैठक बसते. बैठकीला फक्त पुरुष. तासाभरात पक्ष ठरतो, मग प्रत्येक घरचा कर्ता नारळावर हात ठेवतो आणि तो नारळ घरी आणून देवघरात ठेवतो. मतदानाच्या सकाळी नारळ फोडायचा, घरातल्या प्रत्येक मतदाराने खोबऱ्याचा तुकडा खायचा आणि सगळ्यांनी मिळून निघायचं. तुकडा खाल्ला म्हणजे शब्द दिला. घरातले हातमाग कधीच गेले, मागाच्या खोलीत आता थोरल्या भावाचं साड्यांचं दुकान आहे. नारळ मात्र जात नाही.

दादा आणि वहिनी मुलीसह वर राहतात, मी दुकानामागच्या दोन खोल्यांत. मी लग्न केलं नाही. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, आणि पाठोपाठ शाळाही बंद पडली. इमारत पाडून तिथे लग्नाचा हॉल करायचं चाललं होतं. माझं राजकारण म्हणाल तर एवढंच, की ती इमारत शाळेचीच राहिली पाहिजे. या विधानसभेला मी ठरवलं, की जो पक्ष हे मानेल त्याला मत.

दादा बैठकीहून नारळ घेऊन आला तेव्हा मी त्याला विचारलं, "पक्ष ठरवताना मले कोणी विचारलं का?"

"तुले काय विचाराचं? तू काय आमच्याहून अलग आहे का वं?"

"हाव. अलग आहो मी."

"शाळा सुटली, पण मास्तरीणपण नाही सुटलं तुयं," असं म्हणून तो वर गेला. वाद संपवायचा म्हणजे जिना चढायचा, ही त्याची जुनी सवय. मला त्या जिन्याचाही राग येतो.

भाचीने मोबाइलवर एक प्रश्नावली काढून दिली. तुमच्या विचारांचा पक्ष कोणता ते सांगणारी. कर, संरक्षण, शेती, काय काय विचारलं होतं त्यात. शेवटी तिने असा पक्ष सुचवला, ज्याचा आमच्याकडे उमेदवारच नव्हता. मोबाइल परत दिला आणि चपला घातल्या.

आधी गेले ते दादाच्या विरोधातल्या पक्षाच्या प्रचार कार्यालयात. खरं सांगते, तोच पक्ष मला पटावा अशी माझी फार इच्छा होती. तिथल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "ताई कोणत्या समाजाच्या?" मी शाळेचं बोलले. "होऊन जाईल ताई, लिहून घे रे," तो म्हणाला, आणि कुणीही काहीही लिहिलं नाही. हॉलचं काम मिळायची वाट बघणारा ठेकेदार तिथेच बसून चहा पीत होता. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. शेजारच्याला तो सांगत होता, की दादाच्या पक्षाचा उमेदवार नगरसेवक असताना त्यानेच हॉलचा ठराव अडवून धरला, नाहीतर एव्हाना हॉल उभा राहून लोकांनी तिथल्या लग्नाच्या पत्रिका छापल्या असत्या. मग त्याने त्या उमेदवाराला आईवरून शिव्या घातल्या.

हे नेमकं दादाच्याच उमेदवाराने करावं, याची मला तर चक्क चीड आली. तरी खात्री करायला दादाच्या पक्षाकडे गेलेच. "या ताई, तुमचं घर तर आपलंच आहे," असं स्वागत झालं. हे वाक्य ऐकून तिथूनच परत फिरावंसं वाटलं. पण उमेदवार स्वतः बाहेर आला. म्हणाला, "लेकरं परत येतील असं मी नाही म्हणत. पण इमारत पाडू नाही देणार." या असल्या निवडणुकीत मला कुणी दिलेलं हे एकच सरळ उत्तर होतं.

म्हणजे माझ्या विचारांचा पक्ष सापडला, आणि तो दादाचाच निघाला. घरी येऊन मी भांडी आपटली. त्याला सांगितलं असतं, तर त्याने आयुष्यभर ऐकवलं असतं की शेवटी आलीस ना आमच्याच वळणावर. केवळ त्याची जिरवायची म्हणून दुसरीकडे मत द्यावं, असंही दोन-चार दिवस मनात होतं.

मतदानाच्या सकाळी वहिनी ताटली घेऊन खाली आल्या. त्यांनी स्वतः सगळ्यांच्या आधी तुकडा खाल्ला होता. दादा दारात उभा होता.

"मी खाऊन नाही राहिली," मी म्हटलं.

"काहून?"

"मत माहं आहे म्हणून."

ते सगळे ऑटोने गेले. मी मागून पायी गेले आणि शाळेसाठी मत दिलं, म्हणजे दादाच्या पक्षालाच.

तो पक्ष पडला. आमच्या बूथवर, जिथे समाजाची मतं ठरलेली असतात, तिथेही मागे पडला. समाजभवनात विचारणा झाली, की कुणाच्या घरचं मत फुटलं. खोबरं न खाल्लेली आख्ख्या आळीत मी एकटी. दादा परत आला तो सरळ माझ्या दारात. "नाक कापलं तू माहं," म्हणाला. त्या दिवसापासून तो बोलत नाही. दुकानातून माझ्याकडे यायच्या दाराला त्याने कुलूप घातलंय, मी मागच्या बोळातून ये-जा करते. रविवारी वरून येणारा मटणाचा डबाही बंद झाला. शाळेच्या इमारतीभोवती पाडकामाचे पत्रे लागलेत.

एका वाक्यात हे मिटलं असतं. पण ते वाक्य बोलले, की माझं मत त्याचं होणार होतं, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

परवा नळावर वहिनी भेटल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "खरं सांगा बाई, कोणाले देलं?"

"मत गुप्त असते वहिनी."

त्यांनी बादली भरू दिली. नळ बंद केला. "ह्यांनी सांगितलं तिथं मी बी नाही देलं," म्हणाल्या, "आजवर कधीच नाही." मग बादली उचलून जिना चढून गेल्या.

आता तर मी दादाला काहीच सांगणार नाही. मी संशयातून सुटले, तर तो घरातल्या बाकीच्यांकडे बघायला लागेल.