सांधा बाबांचा होता

अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर होतं आणि अंगणात बाबांनी केलेलं सागाचं बाकडं. बाबा कारखान्यात पॅटर्न शॉपला होते. ओतकामाचे लाकडी साचे तिथे बनत. खिळा मारणं त्यांच्या लेखी गुन्हाच. अख्ख्या बाकड्यात एक खिळा नव्हता, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवलेले.

दर उन्हाळ्यात ते त्याला बेलतेल चोळत. फाटक्या बनियनचा बोळा, आणि अंगणभर तो उग्र वास. आईला हे पसंत नव्हतं.

"महादेवाच्या शेजारी राहायचं आणि बेलाच्या तेलावर बूड टेकायचं. शोभतं का?"

"अगं, जवसाचं तेल ते. उकळलेलं. साहेब लोक बॉइल्ड म्हणायचे, सुतारांनी त्याचं बेल केलं."

"सुतार काय उगाच म्हणतील?" एवढं बोलून ती बसण्याआधी बाकड्याला हात लावून नमस्कार करायची.

"माझ्या कधी पाया पडली नाहीस," बाबा म्हणायचे, "माझ्या बाकड्याच्या पडतेस."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझं लग्न ठरलं. मुलीकडची मंडळी रविवारी घर बघायला येणार होती. तेल पिऊन पिऊन बाकडं काळपट झालं होतं, आणि आधी एकदा एका पाहुण्यांच्या पांढऱ्या पँटला त्याचा डाग लागला होता. मला लाज वाटायची. बाबांना तसं सांगायचा धीर नव्हता, म्हणून मी आईला पुढे केलं. "आईलाही बेलावर बसणं खटकतं, तर या खेपेला वॉर्निश लावू." जवस की बेल, मला पक्कं ठाऊक होतं.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका सिंधी दुकानदाराने मला दोन फळ्या दाखवल्या. एक आरशासारखी, दुसरी जरा मंद.

"साईं, बाकडा कुठे ठेवणार?"

"अंगणात."

"मग हा चमकवाला नको. हा घराच्या आतला. पावसात तडकणार, पाणी आत जाणार, बाहेर येणार नाही. वरून मस्त, आतून सडणार. बाहेरचा माल मागवून देतो, आठवडा थांबा."

रविवार तीन दिवसांवर होता. मी आतला डबा घेतला.

घरी बाबांनी डबा उलटसुलट करून पाहिला. चष्मा नव्हता त्यांच्याजवळ.

"बाहेरचं आहे ना रे?"

"हो. विचारून आणलंय."

बाबांनी स्वतः पॉलिश पेपरने बाकडं घासलं आणि माझ्यासमोर बसून वॉर्निशचे हात दिले. मंडळी आली. होणाऱ्या सासऱ्यांनी बाकड्यावर हात फिरवून विचारलं, "कुठून घेतलंत?" बाबा लाजल्यासारखे हसले. त्यांना इतकं खूश मी क्वचित पाहिलंय.

पहिल्याच पावसाळ्यात पायांपाशी पापुद्रे सुटले. पुढच्या उन्हाळ्यात बाबा तेलाचा डबा घेऊन बाहेर आले. "वॉर्निशवर तेल चालत नाही, बाबा. पापुद्रे आलेत तिथे परत वॉर्निश मारू," मी म्हणालो आणि पुन्हा तेच मारलं. तेव्हा खरं सांगितलं असतं, तर सगळं खरवडून बाकडं वाचलंही असतं.

आणखी एक पावसाळा गेला. दिवाळीच्या आधी आई बाकड्यावर तांदूळ निवडत बसली होती. मागचा पाय सांध्यातून निसटला आणि ती बाजूच्या दगडी पायरीवर पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण चाल कायमची लंगडी झाली.

इस्पितळातून आल्यावर बाबा त्या पायाजवळ उकिडवे बसले. सांध्यातलं लाकूड बोटाने दाबलं, भिजलेल्या टोस्टसारखं आत गेलं.

"सांधा सैल राहिला माझा," ते म्हणाले. "पाणी धरलं त्याने."

मी शेजारी उभा होतो. "लाकूड जुनं झालं होतं, बाबा," मी म्हणालो.

"सागाला काय होतंय एवढ्यात. माझाच हात चुकला."

त्यानंतर त्यांनी रंध्याला हात लावला नाही. पटाश्या, करवती, सगळं बुवापाड्यातल्या एका सुताराला देऊन टाकलं. माझ्या मुलासाठी पाळणा करायचं त्यांच्या मनात होतं. तो आम्ही बदलापूरहून विकत आणला. मुलाला त्यात ठेवण्याआधी बाबा प्रत्येक जोड हलवून बघत आणि मग मलाही बघायला लावत. "तू बघ रे. माझ्या हाताचा भरवसा नाही."

नंतर ते सहा-सात वर्षं जगले. रोज माझ्यासमोर जेवायला बसत. मी सांगितलं नाही. ते रागावतील ही भीती नव्हती. ते रागावले नसते, आणि तेच मला झेपलं नसतं.

ते गेल्यावर वर्षभराने आई खिडकीशी बसली होती, तिच्यापुढे मी सगळं बोललो. आतलं वॉर्निश, दुकानदाराने दिलेली ताकीद, बाबांना मारलेली थाप. सगळं ऐकून तिने पायावरचं पांघरूण सारखं केलं.

"माझं काय, जुळलं माझं हाड," ती म्हणाली. "हे त्यांना सांगायचं होतंस."