तंतुकणिकांना शून्य

मुकादम सरांनी वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीच्या आकृतीला शून्य दिलं, तेव्हा मी उरणच्या त्या शाळेत नुकतीच लागले होते. कांद्याच्या पापुद्र्याची पेशी तिने सुरेख काढली होती. भित्तिका, केंद्रक, मधोमध रिक्तिका, आणि कडेकडेने टपोऱ्या तंतुकणिका. सरांनी नेमकी तंतुकणिकांवर लाल रेघ मारली होती. दुसऱ्या दिवशी तिचे वडील तावातावाने आले. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात सुपरवायझर होते, आवाज मोठा. सरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

"दाखवा तंतुकणिका."

"काहीतरी काळं हलतंय."

"ती तुमची पापणी."

मग सर म्हणाले, "पेशीला लागणारी ऊर्जा तंतुकणिकेत तयार होते, हे मी शिकवतो. पण शाळेच्या या यंत्रातून ती दिसत नाही. मुलीने पुस्तकातलं काढलं आणि खाली 'निरीक्षण' लिहिलं. ही खोटी साक्ष झाली." वडील गेले. शून्य तसंच राहिलं.

हा माणूस कशावर म्हणून विश्वास ठेवत नसे. शाळेच्या घंटेवर नाही, स्टाफरूमच्या चहातल्या दुधावर नाही, आमच्या रजेच्या कारणांवर तर नाहीच. बाजारात पापलेटचा कल्ला उघडून इतका वेळ बघत की कोळीण वैतागून म्हणे, "मावरा हाय सर, नवरी न्हाय." सर कल्ला मिटून पुढच्या पाटीकडे वळत. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याशेजारची खुर्चीही सोडवत नसे.

पेशी शिकवताना मात्र ते खुलत. केंद्रकाचं कौतुक सगळेच करतात, सरांचा जीव पटलावर. "पेशीत शहाणं कोण? प्रद्रव्यपटल. येईल त्याला दारात उभं करतं. कोण, कुठला, काय काम? मगच आत." लयकारिकेबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "पेशीतला कचरा हीच पचवते, कबूल. पण फुटली तर पेशीलाच खाते. घरातल्यावरही नजर असावी." हे सांगताना ते खिडकीतून स्टाफरूमकडे बघत, असं मुलं शपथेवर सांगायची.

मागच्या वर्षी त्यांच्या मानेला गाठ आली. अलिबागच्या डॉक्टरीण बाईंनी सुईने नमुना काढून मुंबईला पाठवला. कॅन्सर निघाला. ऑपरेशन लवकर करा, थांबू नका, असं बाईंनी बजावलं. सर ऐकेनात.

"नमुना अलिबागहून बोटीने गेला, तिकडे टेम्पोने गेला. किती हात लागले? कोणाची बाटली कोणाच्या नावावर चढली असेल, कोणी बघितलंय?"

त्यांच्या बायकोने, झुबेदा भाभींनी, मला घरी बोलावलं. "बाई, तुमीच सांगा त्यांना. माझ्यावर पन शक घेतात. म्हनतात, तू डॉक्टरला सामील हायस." बोलता बोलता त्या रडायला लागल्या. आत सर रेडिओवर भरतीची वेळ ऐकत होते आणि हातातल्या तक्त्याशी ताडून बघत होते. असे आठवडे गेले. गाठ नुसत्या डोळ्यांनाही वाढलेली दिसायला लागली.

शेवटी मीच चिडून म्हटलं, "तुमच्या डोळ्यांदेखत नमुना काढला, डोळ्यांदेखत त्याची काच रंगवली, तर मानाल?"

"काच नजरेआड होता कामा नये."

अलिबागच्या बाई भल्या. तयार झाल्या. सुई टोचली तेव्हा सरांनी डोळे मिटले नाहीत. काच रंगात बुडाली, पाण्याखाली गेली, वाळली, आणि मानेवर कापूस दाबून सर तिच्या मागे मागे हिंडले. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आम्ही भिंतीला टेकून उभ्या. भाभींनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती.

ते बोलले, वर्गात बोलत त्याच आवाजात. "केंद्रक बेताचं असावं. इथे केंद्रकांनीच जागा भरलीय. लहानमोठी, वेडीवाकडी. एकाला दुसऱ्याचा मेळ नाही." डोळा न काढताच मला म्हणाले, "पटलाची काही चूक नाही, बाई. बाहेरून कोणी आलेलंच नाही."

मग डॉक्टरीण बाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "ऑपरेशन कधी म्हणाला होतात?"

ऑपरेशन झालं, पण रोग आत पसरला होता. ते आठवडे मिळाले असते तर सर वाचले असते का, हे बाईंना सांगता येईना. मला अजून त्यांचा राग येतो, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही.

थंडीत सर गेले. मी भाभींना भेटायला गेले तेव्हा त्या पडवीत बसल्या होत्या. शेवटी फार त्रास झाला का, मी विचारलं.

"तरास सोसला त्यांनी," भाभी म्हणाल्या. "मला सोसलं न्हाय ते दुसरंच. शेवटी शेवटी मी गोली दिली का तोंड उघडायचे. कसली हाय, कोनी दिली, काय काय विचारायचे न्हाय."