पहिली फळी

केरूच्या हातची पँट घालून माणूस मुंबईत साहेबासमोर गेला, तर साहेब खुर्चीतून उठतो. हे केरू स्वतःच सांगायचा, आणि पालीच्या पुढच्या आमच्या तिठ्यावर त्याला नाय म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिठ्यावर सात दुकानं. शटर कुणालाच नाही, खाचेत बसवलेल्या उभ्या फळ्या. रीत अशी, की सकाळी पहिली फळी शेजाऱ्यानं काढायची. आपली आपण काढली तर दुकानाची बरकत जाते. केरूची फळी काढायचा त्याचा धाकटा भाऊ शिवा, समोरचा किराणावाला. शिवाची काढायचा केरू.

मग शिमग्यात पालखीला आधी खांदा कुणाचा, यावरून वरची वाडी नि खालची वाडी भिडली. डोकी फुटली, पोलीस आले. केरू वरच्यांत, शिवा सासरवाडीमुळे खालच्यांत. दुसऱ्या दिवसापासून कुणी कुणाची फळी काढीना. सातही दुकानं बंद. लोक बाजाराला पालीला जाऊ लागले. भर दुपारी तिठ्यावर कुत्रं थांबेना.

केरू मात्र रोज आंघोळ करून दुकानापुढं उभा. फळीला हात लावायचा नाही, की खालच्या वाडीत पाऊल टाकायचा नाही. "थोरला मी आहे. येईल तोच."

आणि एका सकाळी फळी काढलेली! भिंतीला टेकवलेली, शिवा ठेवायचा तशीच, उलटी. केरूची छाती फुगली. शिलाई मशीन सुरू झालं. मग रोज तसंच.

आठव्या दिवशी मासळीवाली कमळाकाकू पाटी उतरवून पायरीवर टेकली.

"बघितलंस काकू? नमला शिवा. रोज येऊन फळी काढतो नि लाजून पळतो मेला."

"खुळा झालास काय रे? शिवा पोरंबाळं घेऊन मुंबईला गेला, महिना होत आला. मीच एस्टीत बसवून दिला."

मशीन थांबलं. काकूनं काढलेल्या फळीकडे एकदा बघितलं, पाटी उचलली, आणि मागं न बघता गेली.

दुसऱ्या दिवशी केरू उजाडतानाच पोचला. फळी भिंतीला टेकलेली होती, आणि अजून डुलत होती. तिठ्यावर कुणी नव्हतं.

केरू रस्ता ओलांडून गेला, शिवाची पहिली फळी काढली, आणि फोन लावला.

"शिवा, तुझी फळी काढलीय. ये."

"दादा? तू? आधी तू काढलीस?"

"होय, मी. ये बाबा लवकर. तुझ्या जागी दुसराच कोण शेजारी आलाय."

"कोण?"

केरूनं मागं वळून बघितलं नाही.

"तू ये आधी."