अडकलेली कॅसेट

कनेरगाव नाक्याहून हिंगोलीला जाणाऱ्या माझ्या रोजच्या काळी-पिवळी जीपमध्ये एकच कॅसेट वाजायची. कुणी गायक गिटारवर स्वतःचीच गाणी मनाशी बोलल्यासारखी म्हणायचा. प्रवासी कुरकुरले, की ड्रायव्हर स्टेअरिंगवर अंगठ्याने ठेका धरत म्हणायचा, "काय करता, अडकली हाय. निघूनच न्हाई राहिली."

परवा टेप दुरुस्त झाला आणि जीपमध्ये वरातीची गाणी ढणढणू लागली. मला करमेना.

"जुनी फेकली का हो?"

त्याने शर्टाच्या खिशातून कॅसेट काढली. "बाकीचे गाणारे आपल्यावर वरडतात, मॅडम. ह्यो सोताशीच बोलतो, मंग आपलंबी सोताशी बोलणं व्हते."

त्याने ती आत सरकवली. मी हुश्श करून मागे टेकले.

पुढच्या फाट्यावर चढलेल्या माणसाने गाणं बदलायला सांगितलं. आरशातून माझ्याकडे बघत ड्रायव्हर म्हणाला, "काय करता, अडकली हाय."