मृदंग उंबऱ्याबाहेर

दादाच्या गळ्यात गाठ निघाली आणि नागपूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं, ऑपरेशननं जीव वाचेल, आवाज राहणार नाही. हातात आठवडा होता. आमच्या भजनी मंडळाचा गळा म्हणजे दादा. मी धाकटा, त्याच्या शेजारी मृदंग वाजवणारा आणि तापट म्हणून गावभर नाव कमावलेला. वहिनी कधी काही मागायची नाही. त्या दिवशी म्हणाली, "भाऊजी, ह्यायचा आवाज तेवढा ठेवून घ्या कुठीतरी."

साठ-एकसष्टचा सुमार असेल. वणीच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी कुणाकडून तरी टेपरेकॉर्डर मागून आणला. एका दिवसापुरता, आणि टेपची चकतीही एकच. पाचच्या बसनं तो परत जायचा होता. आम्ही शाळेचा एक वर्ग उघडून घेतला, खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या, पंखा बंद केला. बाहेर एप्रिलचं ऊन, आत घामाच्या धारा.

मृदंगाच्या डाव्या तोंडावर मी भिजवलेली कणिक थापली. कणिक जास्त तितका आवाज खोल, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. माइक एकच होता. मशीनवर एक हिरवा दिवा होता. आवाज चढला की त्याच्या दोन पात्या मिटायच्या. दादानं सूर लावला. कित्येक महिन्यांत तो असा गायला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला आणि हात सुटलेच.

मास्तरांनी टेप लावून ऐकवली. नुसतं घूं घूं! दादा जणू विहिरीच्या तळाशी.

"तुमचा मृदंग समदं गिळून राह्यला," मास्तर मला म्हणाले. "तिकडं भिंतीपाशी बसा."

माझं टाळकं सरकलं. वीस वर्षं दादाच्या मांडीला मांडी लावून वाजवलं, आणि आता भिंतीपाशी? "जाय ना गा," दादा हळूच म्हणाला. गेलो. पण जाता जाता कणकीचा आणखी एक गोळा थापला. लांबून ऐकू जायला नको? हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मास्तरांनी त्याच टेपवर पुन्हा भरायला घेतलं. हिरव्या पात्या मिटल्या त्या उघडेचनात. गाणं अर्ध्यावर असताना दादाला खोकला आला. रुमालावर रक्त. पहिलं गाणं पुसलं गेलं होतं, दुसरं वाया गेलं होतं. चार वाजून गेले होते. वहिनी दारात उभी होती, माझ्याकडे बघतही नव्हती.

"अजून एक डाव म्हणतो," दादा म्हणाला. आवाज बसला होता.

मी निम्मी कणिक खरवडून काढली. मृदंग उचलला आणि कुणी न सांगता उंबऱ्याबाहेर, ओसरीवर घोंगडीवर जाऊन बसलो. डावं तोंड अंगणाकडे केलं, नुसत्या बोटांनी वाजवलं. दादा मला दिसत नव्हता. शेवटच्या कडव्यात त्याचा सूर फाटला, पण गाणं पुरं झालं. या वेळी मास्तरांनी मान डोलावली. शब्दन् शब्द स्वच्छ आला होता, आणि मृदंग त्याच्या खाली, जमिनीसारखा.

ऑपरेशन झालं. दिवाळीच्या सुट्टीत मास्तरांनी ते मशीन पुन्हा आणलं. दादा समोर बसला. मला ऐकवत नव्हतं. खरा दादा पहिल्या गाण्यात होता, मीच तो बुडवला. टेपवर उरला तो दमलेला, फाटक्या सुराचा.

"दादा, माफ कर मले," मी म्हणालो.

त्यानं हातानंच मला गप्प केलं आणि पुन्हा लाव म्हणून मास्तरांना खुणावलं. तीनदा ऐकलं. मग पाटी ओढून लिहिलं, "वीस वर्षं मी गात होतो. तुहा मृदंग आज पहिल्यांदा ऐकला."