गेलेल्या माणसाचं लॉगिन

ज्या ऑपरेटर काकांनी मला सबस्टेशनचं काम शिकवलं, ते वारून तेव्हा चार महिने झाले होते. जालन्याच्या एमआयडीसीतल्या रोलिंग मिलांना आमच्याकडून वीज जाते. तिथल्या संगणकावर काकांचं लॉगिन कुणी बंदच केलं नव्हतं. माझा पासवर्ड अडकला की मीही तेच वापरायचो. शिफ्टमधल्या सगळ्यांना ते पाठ होतं.

त्याच उन्हाळ्यात नवा प्रोग्राम बसवला. आमच्या कमांड, वेळा, लोड पाहून पाहून तो सबस्टेशनची सवय शिकायचा आणि काही वेगळं दिसलं की लाल पट्टी दाखवायचा. सुरुवातीला एखादी मिल अचानक बंद झाली तरी तो ओरडायचा. त्यामुळे पट्टी आली की न वाचताच ‘ओके’ दाबायचं, असं आमचं होऊन गेलं.

त्या दिवशी सकाळी अकराला पट्टी आली. ‘या वापरकर्त्याचं वागणं नेहमीसारखं नाही.’ पुढं काकांचं नाव. मागच्या शिफ्टवाल्यानं चालू ठेवलं असेल, म्हणून मी ओके दाबलं.

बाराला लाइनमन मामांनी लाइनवर काम करायचं परमिट घेतलं. मी त्या लाइनला वीज देणारा फीडर बंद केला, ते खांबावर चढले. थोड्या वेळानं पुन्हा पट्टी, पुन्हा तेच नाव. खोलीत मी एकटाच होतो. खरं सांगतो, मी मागं वळून काकांच्या खुर्चीकडे बघितलं. मग एकदम लक्षात आलं, हे लॉगिन बाहेरून कुणीतरी चालवतंय.

धावत पॅनेलपाशी गेलो आणि स्विच ‘रिमोट’वरून ‘लोकल’वर फिरवला. आता संगणकाची कमांड ब्रेकरपर्यंत पोचणार नव्हती. तिथूनच मामांना फोन लावला.

“मामा, खाली उतरा.”

“जंपरच्या दोनच तारा राह्यल्या, साहेब. बांधून उतरतो.”

“न्हाई, आत्ताच. जल्दी!”

ते उतरत होते तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली: फीडर चालू करण्याची कमांड, नाकारली. खाली काकांचं नाव.

चौकशीत विचारलं, पहिल्या पट्टीला ओके कुणी दाबलं? मी म्हणालो, मी. मला ताकीद मिळाली, लॉगिन पुसलं गेलं. बाहेरचं कोण होतं, ते कळलंच नाही.

मामांना मी सगळं सांगितलं, अकराची पट्टीसुद्धा. ते म्हणाले, “म्हंजी मी चढायच्या आधीच तुमाला कळलं होतं.”

आता परमिटासाठी फोन केला की ते आधी विचारतात, “साहेब, तुमीच बोलून राह्यले ना?” मी हो म्हणतो. तरी ते जरा थांबतात, माझा आवाज ऐकत.