मुंग्या आल्या

मुंग्या म्हटलं की माझं डोकंच फिरतं. ओट्यावर साखरेचा एक कण सांडू द्या, पाच मिनिटांत रांग हजर! मी खडूच्या रेघा मारते, फटींत हळद भरते. आणि निफाडचा मळा सोडून माझ्याकडे राहायला आलेली आई, माझी पाठ वळली रे वळली की कोपऱ्यात चिमूटभर पीठ टाकते. "लय खात्यात का गं त्या? काळ्या हायेत, चावत नाय." म्हणजे मी हाकलायचं आणि हिनं आवतण द्यायचं!

मागच्या उन्हाळ्यातली दुपार. पंखा संथ फिरत होता, पडद्यातून पिवळा उजेड गळत होता, माझा डोळा लागत होता. पलीकडच्या पलंगावरून आई म्हणाली, "मुंग्या आल्या गं."

"घाल अजून पीठ!" मी डोळे न उघडताच म्हणाले आणि कूस बदलली. झोपेतही मुंग्याच दिसत राहिल्या, भिंतीवरून सावकाश चाललेल्या.

बऱ्याच वेळाने ती पुन्हा तेच म्हणाली. मी चिडून उठले, खडू घेतला आणि तिच्या पलंगाच्या चारी पायांभोवती रेघा ओढल्या. "कुठंयत? एक तरी दाखव!"

तिनं उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवला. "इथं," म्हणाली. जीभ जड झाली होती.

डॉक्टर म्हणाले, वाचल्या, पण जरा आधी आणायला हवं होतं. जरा आधी म्हणजे माझी ती डुलकी. मला अजून स्वतःची लाज वाटते.

आई घरी आली, पण डावा हात लाकडासारखा. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, हाताला मुंग्या आल्या तर चांगलं लक्षण. मग काय, रोज सकाळी मीच विचारायचे, "आई, मुंग्या आल्या का?" ती नुसती मान हलवायची. नाही.

परवा ती ओट्यापाशी खुर्चीत बसली होती, मांडीवर कोवळं ऊन घेऊन. "आल्या गं!" मी धावले. डाव्या तळव्यावर एक काळी मुंगी चालली होती. खरीखुरी. सवयीनं मी फुंकर मारायला वाकले.

"थांब," आई म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते. "करंगळीकडं निघालीय. कळतंय मला."